पहिली फॅनफिक लिहिताना: चिमणरावांच्या घरातून सुरुवात

फॅनफिक म्हणजे आवडत्या पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली नवी गोष्ट. ती लिहायला बसलेल्या माणसाला सगळ्यात आधी अडवणारा प्रश्न लेखनाचा नसतो. ‘दुसऱ्याची पात्रं घेऊन लिहिलेलं चालतं का?’ हा असतो. त्याचं उत्तर नीट न मिळाल्यामुळे कितीतरी चांगल्या गोष्टी वहीतच राहतात. म्हणून आधी हा प्रश्न निकालात काढू आणि मग लिहिण्याकडे वळू.

परंपरेच्या बाजूने पाहिलं तर मराठीला यात काहीच नवीन नाही. मोरोपंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगितलं जातं. त्यातलं ‘निरोष्ठ रामायण’ तर ओठांनी उच्चारायची अक्षरं टाळून लिहिलेलं आहे. कथा तीच, पण हात नवा. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायकांनी सीतेचा वनवास आपल्या सासुरवासाच्या अंगाने गायला. ठाऊक असलेल्या गोष्टीत शिरायचं, तिथे न बोललेलं कुणीतरी शोधायचं आणि त्याला बोलतं करायचं, हेच फॅनफिकचं काम. फरक एवढाच की रामायणाला मालक नाही, आणि तुमच्या आवडत्या कादंबरीला बहुधा आहे.

पुढचं सगळं मी एकाच उदाहरणावर समजावणार आहे: चिं. वि. जोशी यांचे चिमणराव. घराघरांत ठाऊक असलेलं हे पात्र आहे, आणि नवशिक्याला ते विनाअडथळा वापरता येतं. कसं, ते पहिल्याच पायरीत येईल.

पायरी १: जग निवडा आणि ते कुणाच्या मालकीचं आहे ते पाहा

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या तारखेपासून नव्हे, तर त्यापुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. चिं. वि. जोशी १९६३ साली गेले. म्हणजे हक्क ३१ डिसेंबर २०२३ ला संपला आणि १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या हयातीत छापलेली चिमणरावांची पुस्तकं भारतात सर्वांसाठी मोकळी झाली. साने गुरुजी (मृत्यू १९५०) आणि ह. ना. आपटे (मृत्यू १९१९) यांचं लेखन त्याआधीच मोकळं झालेलं आहे. उलट वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. भा. रा. भागवत २००१ साली गेले. त्यांचा फास्टर फेणे २०६१ संपेपर्यंत हक्काखाली राहील.

हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर करून ठेवा. करताना या ठिकाणी पाय घसरतो:

- पुस्तक मोकळं झालं म्हणून त्यावरची मालिका किंवा चित्रपट मोकळा होत नाही. चिमणराव-गुंड्याभाऊ पुष्कळांच्या डोळ्यांसमोर येतात ते दूरदर्शनच्या मालिकेतले. त्या मालिकेसाठी लिहिलेले संवाद आणि प्रसंग ही वेगळी निर्मिती आहे. तुम्ही पुस्तकातून घ्या.
- अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. शेरलॉक होम्स मोकळा आहे, पण त्याच्या अलीकडच्या मराठी अनुवादातली वाक्यं मोकळी नाहीत.
- लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा छापल्या गेलेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनाच्या वर्षापुढून मोजतात.
- दुसऱ्या देशात हिशोब बदलतो. अमेरिकेत जुन्या पुस्तकांची मोजणी साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं अशी आहे.

मग हक्काखाली असलेल्या जगावर लिहूच नये का? जगभर लोक लिहितात, आणि बरेच हक्कधारक विनामोबदला लेखनाकडे काणाडोळा करतात. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. मूळ कलाकृतीवर बेतलेलं नवं रूप करण्याचा अधिकार आपल्या कायद्यात मूळ हक्कधारकाकडेच आहे. ‘सर्व श्रेय मूळ लेखकाला’ ही ओळ लिहिल्याने तो तुमच्याकडे येत नाही. ती ओळ सौजन्याची आहे, जरूर लिहा, पण तिला ढाल समजू नका. अशा जगावर लिहायचंच असेल तर पैसे घेऊ नका, मूळ मजकूर उतरवून घेऊ नका आणि हक्कधारकाने काढायला सांगितलं तर लगेच काढा. पहिली गोष्ट मात्र मोकळ्या जगावरच लिहा, असं मी आग्रहाने सांगेन. मनात धाकधूक घेऊन लिहिलेल्या वाक्याला मोकळेपणा येत नाही.

आणखी एक. हयात असलेले नट, खेळाडू, पुढारी यांच्यावर कथा रचू नका. त्यात बदनामीचा प्रश्न येतो आणि त्या माणसावर अन्यायही होतो. इतिहासातल्या पूजनीय व्यक्तींपासूनही नवशिक्याने दूर राहावं. तिथे अभ्यासाची गरज मोठी आहे आणि लोकांच्या भावना खोल आहेत. आपला सराव त्यांच्यावर करणं बरं नाही.

पायरी २: सामान जमवा

- मूळ पुस्तक, शक्यतो जुनी आवृत्ती. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मिळतं. मोकळी झालेली बरीच मराठी पुस्तकं मराठी विकिस्रोत आणि इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात.
- एक वही. फोनवरची टिपणं चालतील, पण वहीत बाण काढता येतात, आणि ते लागतात.
- शब्दकोश. जुन्या काळच्या बोलीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात फुकट शोधता येतात.
- युनिकोड मराठी कळफलक. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की नुसती चिन्हं दिसतात. सुरुवातीपासून युनिकोडच वापरा. फोनवर भाषा ‘मराठी’ निवडा, ‘हिंदी’ नको, नाहीतर सुधारणा हिंदी शब्दांच्या येतात. कळफलकावर ‘ळ’, ‘ॲ’ आणि ‘ऱ’ कुठे आहेत ते आधीच शोधून ठेवा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत दरी आणि समुद्र एवढा फरक आहे.

बाकी महागडं सॉफ्टवेअर वगैरे काही लागत नाही.

पायरी ३: परत वाचा, या वेळी हातात पेन्सिल घेऊन

चाहता म्हणून वाचलेलं पुरत नाही. चाहत्याला प्रसंग आठवतो, पण त्या प्रसंगात खोलीत आणखी कोण होतं ते आठवत नाही. आता नेमकं तेच टिपायचं आहे.

वहीत प्रत्येक पात्राला एक पान द्या. त्याचं वय, घरातलं स्थान, तो कुणाला काय म्हणून हाक मारतो, कशाला घाबरतो, कोणता शब्द वारंवार वापरतो, हे पुस्तकातल्या पान क्रमांकासह लिहा. पान क्रमांक महत्त्वाचा, कारण महिन्याभराने आपण स्वतः कल्पिलेलं आणि पुस्तकात असलेलं यांची सरमिसळ होते. पुस्तकात खरोखर असलेल्या गोष्टींना फॅनफिकवाले ‘कॅनन’ म्हणतात. कॅननशी फारकत घ्यायला हरकत नाही, पण ती जाणूनबुजून घ्या.

शेवटी एक पान काळासाठी ठेवा. चिमणरावांची पहिली पुस्तकं १९३० च्या दशकातली. त्या पुण्यात पैशांचा हिशोब आण्यांत आणि पैंत होता: १६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला आला. किलो आणि लिटर त्याहूनही नंतर रुळले. तेव्हा दूध शेराने मिळायचं. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली, म्हणजे तुमच्या पात्राला तिच्यातून मुंबईला पाठवता येईल. पण पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ चं आहे, तेव्हा १९३५ च्या गोष्टीत ‘पुणे केंद्रावरच्या बातम्या’ ऐकवू नका. जुनं पुणं रंगवताना १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराची तारीखही लक्षात ठेवा. त्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांचा चेहराच बदलला. आजचं नदीपात्र पाहून तेव्हाचं वर्णन करू गेलात तर चुकेल.

पायरी ४: फट शोधा

माझ्या मते सगळं फॅनफिक या पायरीवर ठरतं.

‘मला चिमणरावांवर काहीतरी लिहायचंय’ ही कल्पना नव्हे. चिमणराव गोष्ट स्वतः सांगतात, ‘मी’ म्हणून. त्यांची बायको काऊ आपल्याला दिसते ती त्यांच्याच नजरेतून. मग त्यांनी पाहिलं नाही तेव्हा काऊ काय करत होती? ही झाली फट. चिमणराव घराबाहेर पडल्यावर दाराआड काय बोलणं झालं? जी फजिती त्यांनी आपल्याला रंगवून सांगितली, तीच शेजारणीने दुसऱ्या दिवशी आडावर कशी सांगितली असेल? यातल्या एकेका प्रश्नावर एकेक गोष्ट होते.

फटी साधारण कुठे असतात ते सांगते, म्हणजे शोधायला सोपं जाईल. दोन प्रकरणांच्या मधल्या काळात. गोष्ट सांगणाऱ्याला जे दिसत नाही त्यात. एका ओळीत येऊन गेलेल्या माणसात, म्हणजे टांगेवाला, पोस्टमन, मोलकरीण. शेवटानंतरच्या सकाळी. आणि ‘हे असं न होता तसं झालं असतं तर’ या वळणावर. शेवटचा प्रकार सगळ्यांना खुणावतो, पण तो सगळ्यात अवघड आहे, कारण एक धागा ओढला की पुढचं सगळं विणकाम नव्याने करावं लागतं. चिमणरावांना आजच्या पुण्यात आणायचं, दोन वेगळ्या लेखकांची पात्रं एकत्र भेटवायची, हेही पुढच्या खेपेला ठेवा. पहिल्या वेळी गाळलेला एकच प्रसंग घ्या. एक जागा, दोन-तीन माणसं आणि फार तर एका दुपारचा वेळ.

तुमची फट योग्य आहे का ते असं तपासा: प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यात ‘का’ किंवा ‘काय’ आहे का ते पाहा. ‘काऊची व्यथा’ हा विषय आहे, प्रश्न नाही. ‘पाहुणे जेवून गेल्यावर काऊ काय जेवली?’ हा प्रश्न आहे, आणि त्यात व्यथा न मागता येते.

पायरी ५: आवाज पकडा

वाचक तुमच्याकडे येतो तो ओळखीच्या माणसाला भेटायला. कथानक थोडं डळमळलं तर तो सांभाळून घेईल, पण माणूस ओळखू आला नाही तर निघून जाईल. मराठीत ही ओळख सर्वात आधी हाकेतून आणि क्रियापदातून पटते. कोण कुणाला तू म्हणतं, कोण तुम्ही, कोण अहो-जाहो करतं, आणि रागात ते बदलतं का, याचा तक्ता करूनच लिहायला बसा.

काऊच्या तोंडी लिहायचं म्हटलं तर त्या काळची, त्या घरातली बायको नवऱ्याचं नाव घेणार नाही. ‘हे’, ‘इकडून’, ‘इकडची स्वारी’ असं बोलेल. नवशिक्याच्या पहिल्या मसुद्यात बहुधा असं येतं:

‘चिमणराव ऑफिसमधून आले तेव्हा मी खूप तणावात होते. मला थोडा वेळ एकटीला हवा होता.’

यात १९३० चं काहीच नाही आणि काऊही नाही. हेच असं लिहून पाहा:

‘इकडून येणं झालं तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. हातात छत्री नव्हती, म्हणजे ती कुठेतरी राहिली होती. कुठे, ते मी विचारणार नव्हते.’

तणाव हा शब्द गेला, पण ताण आला. तिने काय विचारलं नाही यातून ती कळली. भावनेचं नाव लिहायची वेळ आली की थांबा आणि त्या क्षणी पात्र हाताने काय करतंय ते लिहा.

मूळ लेखकाची शैली हुबेहूब उचलण्याच्या मागे लागू नका. चिं. वि. जोश्यांचा विनोद साधणं कठीण आहे, आणि अर्धवट साधलेली नक्कल वाचवत नाही. म्हणूनच नवशिक्याला दुसऱ्या पात्राची नजर सोयीची पडते: माणसं त्यांची, सांगण्याची रीत तुमची.

बोलीबद्दल काळजी घ्या. तुम्ही वऱ्हाडी, मालवणी किंवा अहिराणी घरात बोलत असाल तर जरूर वापरा. ती तुमची दौलत आहे. ऐकीव बोली मात्र दोन ओळींत उघडी पडते, आणि ती ज्यांची आहे त्यांना लागते.

पायरी ६: आधी शंभर शब्द

फॅनफिकच्या जगात ‘ड्रॅबल’ नावाचा प्रकार आहे: नेमक्या १०० शब्दांची गोष्ट. तुमच्या प्रश्नाचं ड्रॅबल आधी लिहा. शंभरात बसवताना कोणतं वाक्य जिवापाड वाचवावंसं वाटतं ते पाहा. गोष्टीचा जीव त्या वाक्यात आहे. मग त्याच्याभोवती १००० ते २००० शब्दांची एका बैठकीत वाचून होणारी गोष्ट, म्हणजे ‘वन-शॉट’, उभी करा.

तीस प्रकरणांची मालिका पहिल्याच फटक्यात जाहीर करू नका. अर्धवट सोडलेल्या मालिका वाचकाला दुखावतात, आणि लिहिणाऱ्याला त्याहून जास्त; मग त्या ओशाळलेपणातून पुन्हा लिहिणंच नको वाटतं. गोष्ट पूर्ण करण्याची सवय आधी लागू द्या.

पायरी ७: तुमचं स्वतःचं पात्र आणायचं असेल तर

याला ‘ओसी’ (ओरिजिनल कॅरेक्टर) म्हणतात. गोष्टीला गरज असेल तरच आणा. जी अतिसुंदर आहे, जिला सगळं येतं आणि जिच्यावर सगळी मूळ पात्रं लगेच भाळतात, अशा ओसीला ‘मेरी सू’ म्हणतात. हे नाव १९७३ साली ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांच्या एका नियतकालिकात आलेल्या छोट्या विडंबनातून रूढ झालं. हा शिक्का विशेषतः तरुण मुलींच्या लेखनावर सर्रास मारला जातो, आणि ते मला अजिबात पटत नाही. स्वतःला आवडत्या जगात ठेवून पाहण्यात गैर काही नाही. फक्त त्या पात्राला एक काम द्या जे तिला जमत नाही, आणि एक मूळ पात्र द्या ज्याला ती आवडत नाही.

पायरी ८: दुसऱ्याचे डोळे

छापण्याआधी गोष्ट वाचून चुका सांगणाऱ्याला ‘बीटा रीडर’ म्हणतात. दोघं मिळाले तर उत्तम: एक ज्याने मूळ पुस्तक वाचलंय, दुसरा ज्याने नाही. पहिला सांगेल ‘काऊ असं बोलणार नाही’. दुसरा सांगेल ‘हा मोरू कोण?’ नुसतं ‘कशी वाटली?’ विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर येईल. कुठे कंटाळा आला, कुठे परत मागे जाऊन वाचावं लागलं, कोणता संवाद खोटा वाटला, असे प्रश्न लेखी द्या.

घरात आजी-आजोबा असतील तर एक वाचन त्यांच्यासमोर करा. ‘आमच्याकडे असं नव्हतं म्हणत’ हे वाक्य त्यांच्याकडून मिळालं की ते कोणत्याही कोशाहून मोलाचं असतं.

पायरी ९: गोष्ट चढवा

फॅनफिकसाठी सर्वात मोठं बिनव्यापारी ठिकाण म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, लोकांच्या तोंडी ‘एओथ्री’. २००९ पासून चालू आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि २०१९ साली त्याला विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. खातं लगेच उघडत नाही. ईमेल देऊन निमंत्रणाच्या रांगेत थांबावं लागतं. म्हणून गोष्ट लिहायला घेतलीत की त्याच दिवशी रांगेत नाव टाका. खात्यासाठी वय किमान १३ हवं.

गोष्ट चढवताना हे रकाने भरावे लागतात:

- फॅनडम: मूळ कलाकृतीचं नाव. यादीत नसेल तर स्वतः टंकता येतं. मराठी जगांसाठी बहुधा तसंच करावं लागेल.
- वयोगट: ‘सर्वांसाठी’पासून ‘फक्त प्रौढांसाठी’पर्यंत. शंका असेल तर वरचा निवडा.
- इशारे: हिंसा, मुख्य पात्राचा मृत्यू वगैरे. वाचकाला बेसावध गाठू नका.
- भाषा: मराठी. हा रकाना चुकला तर मराठी शोधणाऱ्याला तुमची गोष्ट दिसणारच नाही.
- सारांश: दोन-तीन वाक्यं. त्यात पायरी ४ चा प्रश्न घाला. ‘माझा पहिलाच प्रयत्न आहे, सांभाळून घ्या’ हे लिहू नका, गोष्टीला तिच्या पायांवर उभी राहू द्या.

तिथे मसुदा ठेवला तर तो साधारण महिन्याभराने आपोआप पुसला जातो. मूळ प्रत आपल्याकडे, दोन ठिकाणी ठेवा. गोष्टीत किंवा टिपेत पैशांची मागणी किंवा देणगीचा दुवा देणं तिथे निषिद्ध आहे.

मराठी वाचक प्रतिलिपी आणि वॉटपॅड या गोष्टी लिहिण्या-वाचण्याच्या ॲपवर जास्त भेटतील. पण जिथे वाचनातून किंवा स्पर्धेतून पैसे मिळण्याची सोय असते, तिथे हक्काखालच्या जगावरची गोष्ट त्या सोयीत टाकू नका, आणि स्पर्धेची ‘स्वतंत्र साहित्य’ ही अट वाचल्याशिवाय काही पाठवू नका. कुठेही लिहा, लहान मुलांची पात्रं लैंगिक प्रसंगांत आणू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यात त्याला कडक शिक्षा आहे, आणि कायदा नसता तरी ते करायचं नव्हतं.

मराठी फॅनफिकला वाचक हळूहळू येतात. पहिला अभिप्राय यायला वेळ लागेल. तोवर त्याच जगात दुसऱ्या कुणी काही लिहिलंय का ते शोधा, ते नीट वाचा, आणि त्यांना नेमकं कोणतं वाक्य आवडलं ते कळवा. तेही तुमच्यासारखेच वाट पाहत असतात. आणि वहीतल्या बाकीच्या फटींपैकी पुढची कोणती ते ठरवा. पोस्टमनची अजून लिहायची राहिली आहे.